घाटाखालचं धान्य

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला गाव विचारलं की पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "घाटावरचं की घाटाखालचं?" मेहकर, चिखली, लोणार, सिंदखेड राजा हे घाटावरचे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हे घाटाखालचे. जुन्या कागदांत याच दोन भागांना बालाघाट आणि पायनघाट म्हटलेलं सापडतं. मध्ये अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड आहे. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर आणि मलकापूर अडीचशेच्या आसपास. म्हणजे पन्नासेक किलोमीटरच्या आत रस्ता चारशे मीटर खाली उतरतो. आज गाडीला याचं काही वाटत नाही. पण पाठीवर गोण असलेल्या बैलाला वाटायचं, आणि त्या बैलावर ज्याच्या फौजेचं पोट अवलंबून असेल त्या सेनापतीला तर फारच वाटायचं.

तर मंडळी, या वीकांताचा विषय रसद. लढाया सगळ्यांना आवडतात, रसद कुणाला आवडत नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही तसंच आहे म्हणा. स्क्रीनवर दिसतं त्याचं कौतुक होतं, मागे सर्व्हर चालू ठेवणाऱ्याची आठवण तो बंद पडल्यावरच होते. पण १६२० साली मेहकरला जे घडलं ते रसदीशिवाय समजूच शकत नाही. माझ्या मते बुलढाणा जिल्ह्याच्या इतिहासातली ही सगळ्यात शिकण्यासारखी मोहीम आहे, आणि तिचं नाव क्वचितच कुणी घेतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. १५९६ साली अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड मोगलांना देऊन टाकलं. १६०० साली खुद्द अहमदनगरचा किल्लाही गेला. निजामशाही संपली असं दिल्ली-आग्र्याकडे सगळ्यांना वाटलं, पण मलिक अंबर नावाच्या हबशी सरदाराने ती पुढची पंचवीस वर्षं जिवंत ठेवली. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, त्याने खडकी वसवली (पुढे औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर), आणि जहांगीर बादशहाला इतका छळला की बादशहा आपल्या आत्मचरित्रात त्याचं नाव शिवी घातल्याशिवाय घेत नाही.

या काळात मोगलांचं दख्खनचं मुख्य ठाणं होतं बऱ्हाणपूर, तापीच्या काठी. तिथे खानखानान अब्दुर्रहीम बसलेला. हो, दोहे लिहिणारा तोच रहीम. बऱ्हाणपूरहून दक्षिणेला यायचं तर आधी घाटाखालचा सपाट काळ्या मातीचा मुलूख, मग घाट, मग बालाघाट. सरहद्द अशी रेघ मारलेली नव्हतीच. घाटावर मोगलांची ठाणी होती आणि त्यांच्या पलीकडे, कधी कधी त्यांच्या मधूनसुद्धा, अंबरचे स्वार फिरत होते. बाळापूर हे मोगलांचं घाटाखालचं ठाणं आणि मेहकर घाटावरचं. आइन-इ-अकबरीत मेहकर हे वऱ्हाडातल्या एका सरकारचं मुख्य ठिकाण म्हणून येतं (सरकार म्हणजे तेव्हाचा जिल्हा समजा), आणि त्याच नोंदीत लोणारचाही उल्लेख आहे.

१६२० च्या सुमारास जहांगीर काश्मीरच्या दौऱ्यावर गेला आणि अंबरने तह मोडला. मोगलांची विखुरलेली ठाणी एकेक करून उठली आणि सगळे सरदार खानखानानचा मुलगा दाराबखान याच्याकडे गोळा झाले. अहमदनगरच्या किल्ल्यात खंजरखान अडकून पडला. दाराबखानाची फौज मेहकरला तळ देऊन बसली. तीनेक महिने ती तिथे होती. आणि इथे गंमत आहे बघा. जहांगीरच्या आत्मचरित्रानुसार समोरासमोर झालेल्या प्रत्येक लढाईत मोगल जिंकले! तरीही शेवटी फौज मेहकर सोडून रोहिणखेडच्या घाटाने खाली उतरली आणि बाळापूरला गेली. कारण एकच. तळावर धान्य येईना.

सगळ्या लढाया जिंकून मोहीम हरायची, हे कसं काय जमतं? चला, थोडं गणित करू. (सवयच आहे, त्याला इलाज नाही. :-) )

खालचे आकडे माझे अंदाजाचे आहेत, जुन्या कागदातले नव्हेत. समजा फौजेत १०,००० स्वार आणि तेवढेच घोडे. नोकरचाकर, तंबूवाले, बाजारबुणगे धरून खाणारी तोंडं ३०,०००. माणशी दिवसाला पाऊण किलो धान्य धरलं तर साडेबावीस टन. घोड्याला चारा वेगळा, पण चंदी म्हणून तीन किलो हरभरा किंवा कुळीथ धरला तर तीस टन. म्हणजे रोज साडेबावन्न टन. एका बैलावर सव्वाशे किलो लादले तर रोज ४२० बैल तळावर येऊन रिकामे व्हायला हवेत. रोज.

आता अंतर. मेहकर ते बऱ्हाणपूर, बुलढाण्याकडून घाट उतरून मलकापूरवरून, साधारण १६० किलोमीटर. लादलेल्या बैलांचा तांडा दिवसाला दहा-अकरा किलोमीटरच्या पुढे जात नाही. म्हणजे जायला सोळा दिवस आणि परत यायला सोळा. रोज ४२० बैल पोचायचे असतील तर ४२० गुणिले ३२, म्हणजे १३,४४० बैल कायम रस्त्यावर असायला हवेत. निम्मे भरलेले, निम्मे रिकामे. घाटावरच्या गावांत थोडंफार धान्य मिळेल, पण एवढी फौज महिनाभर बसली की आजूबाजूची पेवं रिकामी होतात. मग सगळी भिस्त घाटाखालच्या धान्यावर.

हा आकडा हवेतला वाटत असेल तर पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाचं बघा. १६३२ साली उत्तर हिंदुस्थानातून जाताना त्याला बंजाऱ्यांचा एक तांडा भेटला, त्यात १४,००० बैल होते आणि सगळ्यांवर धान्य. दिवसाला सहा-सात मैलांपेक्षा जास्त चालत नाहीत, हेही त्यानेच लिहून ठेवलंय. हे १४,००० बैल चार-चारच्या रांगेत, ओळीओळीत तीन मीटर अंतर ठेवून चालले तर रांग साडेदहा किलोमीटरची होते. म्हणजे रांगेचं तोंड मुक्कामाला पोचतं तेव्हा शेपूट आदल्या मुक्कामावरून जेमतेम हललेलं असतं. आता या रांगेचं रक्षण करा बरं! दर शंभर मीटरवर दहा स्वार ठेवले तर हजारावर स्वार लागले, आणि हल्ला करणारे पाचशे जण एकाच ठिकाणी आले तर समोर तुमचे दहाच.

मलिक अंबरला हे गणित कुणी शिकवायला नको होतं. त्याच्याकडे बारगीर होते, म्हणजे सरकारी घोड्यावर चाकरी करणारे हलके स्वार. बहुतेक मराठे. त्यांच्याबरोबर मोठे तंबू नाहीत, तोफा नाहीत, बाजार नाही. मोगल कागदांत त्यांना 'बर्गी' म्हटलंय आणि या लढण्याला 'बर्गीगिरी'. पहिलं काम टेहळणी. तांडा कुठून निघाला, किती बैल, बरोबर किती स्वार, आज मुक्काम कुठे. दुसरं काम कही मारणं. ('कही' हा बखरीतला शब्द आता कुणी वापरत नाही. तळावरून चारा-लाकूड आणायला बाहेर पडणाऱ्या टोळीला कही म्हणायचे.) कही रोज निघावीच लागते, कारण चारा दुरून आणणं परवडत नाही. ती रोज थोडी जास्त लांब जाते, कारण जवळचा चारा संपतो. आणि जितकी लांब जाईल तितकं तिला मारणं सोपं. म्हणजे नुसतं बसून राहिलं तरी तळाची अवस्था रोज बिघडत जाते. अंबरला लढाई जिंकायची गरजच नव्हती. त्याला फक्त घाटाचा रस्ता महाग करायचा होता.

आणि महाग करायला घाटासारखी जागा नाही. सपाटीवर तांडा दहा वाटांनी जाऊ शकतो. घाटात वाटा मोजक्याच, तिथे रांग बारीक होते, बैल अडतात, गोण पडते. आमच्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. मोताळा तालुक्यातलं रोहिणखेड आज लहानसं गाव आहे, पण इतिहासात ते वारंवार येतं ते याचमुळे. १४३७ साली खानदेशचा नासीरखान वऱ्हाडावर चालून आला तेव्हा बहमनी सरदाराने त्याला रोहिणखेडलाच हरवलं. १५९१ साली निजामशाहीच्या भाऊबंदकीत बुऱ्हाण निजामशहा आणि जमालखान यांची गाठ इथेच पडली. ऐन उन्हाळा, जमालखानाच्या फौजेला पाणी मिळेना, तहानलेल्या माणसांना घेऊन त्याला लढावं लागलं आणि तो गोळी लागून पडला. दोनशे वर्षांत तीन वेळा त्याच घाटाच्या पायथ्याशी निकाल लागला असेल तर तो योगायोग म्हणता येत नाही.

दाराबखानाची फौज बाळापूरला उतरली ती धान्याच्या जवळ जायला. पूर्णेच्या खोऱ्यात धान्य होतं आणि बऱ्हाणपूरचा रस्ता आता सपाट होता, मधला घाट गेला होता. विचार तसा बरोबर होता. पण बर्गी पाठोपाठ घाट उतरले आणि बाळापूरच्या आसपास लूट सुरू झाली. शेवटी फौज थेट बऱ्हाणपुरात शिरली आणि अंबरने बऱ्हाणपूरलाच वेढा घातला. तो सहाएक महिने चालला.

ही कोंडी फोडली शहाजादा खुर्रमने, म्हणजे पुढच्या शहाजहानने, १६२१ मध्ये. त्याने काय केलं ते महत्त्वाचं आहे. त्याने रस्त्याची राखण करत बसण्याचा नाद सोडला. मोठी फौज आणि भरपूर पैसा घेऊन तो आला, बऱ्हाणपूर मोकळं केलं आणि फौज थेट अंबरच्या खडकीवर पाठवून शहर उद्ध्वस्त केलं. आता राखण करायची पाळी अंबरवर आली. तह झाला, त्यात सरहद्दीला लागून चौदा कोस मुलूख आणि निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही मिळून ५० लाख रुपये खंडणी ठरली.

दुसरा उपाय मोगल आधीपासून करत होते, तो म्हणजे वाटा माहीत असलेली माणसं विकत घ्यायची. १६१६ साली अंबरचे काही सरदार बाळापूरला खानखानानच्या दुसऱ्या मुलाला, शाहनवाजखानाला, येऊन मिळाले होते. त्यात मोगल कागदांतला 'जादूराय' म्हणजे सिंदखेडचे लखुजी जाधवराव. जिजाबाईंचे वडील. त्याच वर्षी जालन्याजवळ रोशनगावला अंबरचा मोठा पराभव झाला. पुढे १६२१ च्या सुमारास लखुजी मोगलांकडे गेले आणि त्यांना घराण्यासकट भलीमोठी मनसब मिळाली. आपण याला सरळ निष्ठा-फितुरीच्या खात्यात टाकतो. पण मोगलांच्या बाजूने विचार करा. सिंदखेड राजा ते मेहकर पन्नासेक किलोमीटर. या पट्ट्यात कुठल्या ओढ्याला कधी पाणी असतं, कुठल्या गावात पेव आहे, कुठल्या खिंडीतून रात्री पन्नास स्वार काढता येतात, हे ज्याला ठाऊक तो माणूस आपल्याकडे असणं म्हणजे हजारो स्वारांची टेहळणी आयती मिळणं. मनसब नुसत्या तलवारीची नव्हती, माहितीची पण होती.

आता १८३ वर्षं पुढे जाऊ, कारण हाच पेपर याच मुलखात पुन्हा एकाने सोडवला. १८०३ चं दुसरं इंग्रज-मराठा युद्ध. एका बाजूला आर्थर वेलस्ली, दुसऱ्या बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले (दुसरे). २३ सप्टेंबरची असईची लढाई झाली ती जागा आज जालना जिल्ह्यात आहे, बुलढाण्याच्या हद्दीपासून फार लांब नाही. त्या दिवशी वेलस्लीची टेहळणी चुकलेलीच होती. हरकाऱ्यांनी शत्रू भोकरदनला आहे म्हणून सांगितलं, आणि तो निघाला त्याहून बराच जवळ. कैलना नदीला उतार नाही असं वाटाड्या सांगत होता. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, त्यावरून मध्ये उतार असणारच असा अंदाज वेलस्लीने बांधला आणि तो बरोबर निघाला.

पण मला त्या मोहिमेतली असईपेक्षा दुसरी एक घटना जास्त सांगण्यासारखी वाटते. ३१ ऑक्टोबर १८०३, जालन्याच्या दक्षिणेला अंबड. वेलस्लीकडे धान्य घेऊन एक तांडा चालला होता. बैल किती? १४,०००. (मंडीच्या तांड्याइतकेच, पण हा खरोखर योगायोग.) राखणीला मद्रास पायदळाच्या तीन कंपन्या, म्हैसूरचे ४०० स्वार आणि दोन लहान तोफा, कॅप्टन बेन्सच्या हाताखाली. रघुजी भोसल्यांनी त्यावर सुमारे ५,००० स्वार पाठवले. डाव अगदी मलिक अंबरचाच होता. पण या वेळी जमला नाही. तांडा रस्त्यावर लांबट रांगेत सापडला असता तर काय झालं असतं सांगता येत नाही. तो अंबडला एका जागी गोळा होता, पायदळ आणि तोफा आडोशाला, आणि स्वारांबरोबर तोफखाना नव्हता. शिवाय वेलस्ली स्वतः भोसल्यांच्या मुख्य फौजेच्या मागे लागलेला होता, तिला एका तळावर टिकू देत नव्हता. तांडा सुखरूप पोचला. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई आणि १५ डिसेंबरला गाविलगड, हे दोन्ही इंग्रजांनी जिंकलं. चौदा हजार गोणी अंबडला लुटल्या गेल्या असत्या तर गाविलगडाच्या वेढ्याचं काय झालं असतं, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की मला तरी असं दिसतं. रांगेचं रक्षण रांगेत होत नाही. दाराबखान मेहकरला बसून घाटाची वाट बघत राहिला आणि हरला. खुर्रमने शत्रूच्या घरावर फौज पाठवली. वेलस्लीने शत्रूला पळवत ठेवलं आणि तांडा मुक्कामाच्या जागी घट्ट केला. शत्रूच्या स्वारांना फुरसत न मिळणं, हीच तांड्याची खरी राखण.

इथे लेख संपवता आला असता. पण अजून एका बाजूचा हिशोब राहिलाय.

हे धान्य यायचं कुठून? बर्गी हलके होते, त्यांना तांडे लागत नव्हते, असं आपण कौतुकाने म्हणतो. लागत नव्हते, कारण त्यांचं कोठार म्हणजे वाटेतलं गाव. मोगल फौज धान्य विकत घ्यायची तेव्हा भाव चढायचे, घ्यायची नाही तेव्हा पेवं उकरायची. शत्रूला मिळू नये म्हणून उभं पीक जाळायची चाल दोघांचीही. मेहकर-बाळापूर पट्ट्यातल्या कुणब्याने १६२० मध्ये कुठल्या बाजूला आशीर्वाद दिला असेल? मला वाटतं, जी बाजू लवकर निघून जाईल तिला.

आणि बंजारे. या सगळ्या युद्धांचं पोट त्यांच्या बैलांवर होतं. १६३० च्या सुमारास शहाजहानचा वजीर आसफखान दख्खनला आला तेव्हा भंगी आणि जंगी या दोन नाईकांचे मिळून एक लाख ऐंशी हजार बैल त्याच्या फौजेबरोबर होते, असं वऱ्हाडातल्या बंजाऱ्यांची परंपरा सांगते. त्यांना ताम्रपट मिळाला म्हणतात. कुणाच्याही रांजणातलं पाणी घ्यावं, छपराचं गवत घ्यावं, दिवसाला तीन खून माफ, अट एकच की जिथे आसफखानाचे घोडे तिथे भंगी-जंगीचे बैल. आकडा फुगलेला असेल, ताम्रपटाचे शब्द सांगताना बदलले असतील. पण त्यातला सौदा खरा वाटतो. ज्यांच्यावाचून फौज एक पाऊल हलत नाही त्यांना कुठलाही सेनापती हवं ते देतो, आणि ते देतो दुसऱ्याच्या छपरातून. ते छप्पर ज्याचं, तो या सौद्यात कुठेच नाही. आणि हे नेमकं १६३०-३२ च्या महादुष्काळाच्या तोंडावर!

१८०४ च्या जानेवारीत युद्ध जिंकून परतताना वेलस्लीचा मुक्काम सिंदखेडला पडला. तिथून त्याने जे लिहिलं त्याचा मतलब असा की हा चोरांचा अड्डा झालाय, मुलखाची दशा भयंकर आहे, माणसं शेकड्यांनी उपाशी मरताहेत आणि त्यांना हात द्यायला सरकार म्हणून काही शिल्लकच नाही. जिजाबाईंचं माहेर हे. काही आठवड्यांपूर्वीच त्याच मुलखाच्या शेजारून चौदा हजार गोणी धान्य बंदुकांच्या पहाऱ्यात गेलं होतं. वेलस्लीने या दोन गोष्टी एकमेकींशी जोडल्या की नाही कोण जाणे. आपण जोडायला हरकत नाही.

आज मेहकर आणि सिंदखेड राजा दोन्हीजवळून समृद्धी महामार्ग जातो. १६० किलोमीटरला सोळा दिवस लागायचे, आता तेवढ्या अंतरात चहा पण होत नाही. पण तो रस्ता घाटाच्या वरून पूर्व-पश्चिम जातो. जुना धान्याचा रस्ता बघायचा असेल तर बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्याकडे जा आणि पुढे रोहिणखेडला वाट वाकडी करा. सोळाव्या शतकातली एक सुंदर मशीद आहे तिथे. ती बघून झाली की मागे वळून डोंगराची कड बघा, आणि त्या कडेवरून लादलेले ४२० बैल उतरवायचे आहेत असं समजा. आज, उद्या, परवा, रोज.

असो. पुढच्या वीकांताला लोणारच्या मिठाबद्दल लिहायचा विचार आहे. जमलं तर.